उलटी नरसाळी

आमच्या तळ्याला हिवाळ्यात कुणी विचारत नाही. उन्हाळ्यात माणसं रांगा लावतात, बोटीसाठी भांडतात, पोरांना पाण्यात बुचकळून काढतात. एकदा पानं गळून गार वारा सुटला की धक्क्यावर फक्त मी आणि बदकं. बदकंसुद्धा माझ्याकडे बघून तोंड फिरवतात. म्हणून त्या वर्षी पानगळीत एक बाई गाडीतून उतरली, गमबूट चढवून सरळ माझ्याकडे आली आणि म्हणाली, "हिवाळाभर दर पंधरा दिवसांनी मला तळ्यात न्याल का?" तेव्हा मला वाटलं, हिला कुणीतरी माझी टिंगल करायला पाठवलंय.

"काय बघायचंय?" मी विचारलं.

"चिखल."

"चिखल काठावरच आहे की. लागेल तेवढा न्या."

"मला तळाचा पाहिजे."

झालं, तिचं नाव पडलं चिखलबाई. तोंडावर म्हणायचो बाई, पाठीमागे चिखलबाई. पण तिला ते कळलं होतं. एकदा कसल्याशा पावतीवर तिने सहीच 'चिखलबाई' म्हणून ठोकली आणि कागद माझ्या हातात दिला. तेव्हापासून तोंडावरही चिखलबाई.

मला लोक कप्तान म्हणतात. ही पदवी नव्हे, चेष्टा आहे. माझ्या सगळ्यात मोठ्या बोटीत चार माणसं बसतात, आणि त्यातलं एक बारीक असावं लागतं. धक्का, बोटघर आणि अकरा बोटी सासऱ्याकडून माझ्याकडे आल्या, त्याला एकतीस वर्षं झाली. बोटींना रंग मीच देतो, वल्ही मीच तासतो, आणि कुणी पाण्यात पडलं तर शिव्याही मीच घालतो.

बाई आली तेव्हा माझं सगळं टांगणीला लागलेलं होतं. लागोपाठ तीन उन्हाळे तळ्यावर साय धरली होती. दुधावर धरते तशी, पण हिरवी. आधी पाण्यात बारीक बारीक कण दिसायचे, कुणीतरी हिरवी भुकटी शिंपडल्यासारखे. मग एखाद्या शांत सकाळी काठाला जाड थर जमायचा, रंगाचा डबा सांडावा तसा. दोन दिवसांनी तो कुजायला लागला की असा वास सुटायचा, की रस्त्यापलीकडची माणसं खिडक्या लावून घ्यायची. एकाचं कुत्रं ते पाणी प्यायलं आणि मेलं. पोरांच्या अंगाला खाज सुटली. तळं दोन दोन महिने बंद. तळे समितीने सांगून टाकलं होतं, अजून एक उन्हाळा असा गेला तर काठाने जाळी मारू आणि बोटघराला कुलूप.

आणि हे सगळं कुणामुळे, ते मला पक्कं ठाऊक होतं. दाजींमुळे.

ताई माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी. आई लवकर गेली, तेव्हा हिनेच मला मारूनमुटकून माणसात आणलं. तिचा नवरा, म्हणजे माझे दाजी, तळ्याच्या वरच्या अंगाला गाई पाळतात. आधी वीस गाई होत्या, मग पन्नास झाल्या. ज्या वर्षी पन्नास झाल्या त्याच उन्हाळ्यात पहिली साय आली. गोठ्याचं धुणं ओढ्यात जातं, ओढा तळ्यात येतो. हे कळायला काय शाळा लागते? मी समितीच्या सभेत उभा राहिलो आणि भर लोकांत म्हणालो, "दाजी, तुमच्या गाई आमच्या तळ्यात मुततात, आणि तुम्ही वर बसून बघता."

सभा खो खो हसली. दाजी हसले नाहीत. ताई तर सभेत नव्हतीच, पण असल्या बातम्या चालत जात नाहीत, उडत जातात. त्या दिवसापासून दोन वर्षं ताई माझ्याशी बोलली नव्हती. दुकानात समोरासमोर आलो तर ती साबणाच्या वड्या वाचत बसायची. वडीवर वाचण्यासारखं असतं काय?

तर चिखलबाई. तिच्याकडे एक काचेसारखी आरपार दिसणारी नळी होती, हातभर लांब, आणि वर वजन. दोरीने ती खाली सोडायची, तळाच्या गाळात ती घुसायची, आणि वर काढली की आत चिखलाचा उभा दांडा. खाली काळाकुट्ट, वर करडा, अगदी वरचा बोटभर भाग मऊ, साबणाच्या फेसासारखा हलणारा. मग ती बोटघरात येऊन तो दांडा वरून ढकलायची आणि काकडीच्या चकत्या कराव्यात तशा त्याच्या चकत्या करायची. एकेक चकती एकेका डबीत. डबीवर जागा, तारीख, किती बोटं खालची. बोटघरात शेगडी होती, पण डब्या ती शेगडीपासून लांब, दाराच्या फटीपाशी ठेवायची.

"त्यांना थंडी वाजेल," मी म्हणालो.

"वाजू दे. ऊब लागली तर वेळेआधी उठतील."

"कोण?"

मग तिने एक थेंब काचपट्टीवर घेतला, सूक्ष्मदर्शकाखाली सरकवला आणि मला बघायला लावलं. मला आधी माझ्याच पापण्या दिसल्या. मग दिसलं ते असं: खसखशीचे दाणे मुठीत घेऊन दाबावेत तसा गोळा, थोडा हिरवा, थोडा पिवळट, आणि भोवती खळीसारखं काहीतरी पातळ, चिकट.

"ही तुमची साय," बाई म्हणाली.

मी डोळा काढला आणि खिडकीतून बाहेर बघितलं. काठाला बर्फाचा पापुद्रा धरला होता. सकाळी बोट काढताना वल्ह्याने तो फोडत गेलो होतो, खिडकीची काच फुटावी तसा आवाज येत होता.

"ही थंडीने मरते ना?"

"सगळ्यांना तसंच वाटतं. बरेच मरतातही. पण हे मेलेलं नाही, पडून आहे."

"एवढ्या चिखलात, अंधारात? खातं काय?"

"उन्हाळ्यात साठवलेलं. अगदी थोडं थोडं. थंडीत हालचाल नाही, वाढ नाही, म्हणून लागतंही कमी."

"बुडतं कशाला पण? उन्हाळ्यात तर बुडवलं तरी वर येतं. मी बादल्या बादल्या काढलीय."

"त्यांच्या अंगात हवेच्या बारीक कुप्या असतात, त्याने तरंगतात. पण दिवसभर उन्हात खाऊन पोट जड होतं. एरवी रात्रीत ते जिरतं आणि सकाळी पुन्हा हलके. पानगळीत पाणी गार झालं की जिरत नाही. जड ते जडच. मग खाली जातात."

"जेवून लवंडतात म्हणा की."

बाई हसली. ती हसली की नाक आवळायची. "तसंच म्हणा. आणि सगळ्यांची रीत एक नाही. एक जात आहे दोऱ्यासारखी. ती थंडीच्या आधी दोऱ्यातला एखादा मणी मोठा करते, त्याला जाड कवच चढवते. बाकीचा दोरा मरून जातो, मणी तेवढा गाळात राहतो, वर्षानुवर्षं राहू शकतो. तिसरी एक आहे ती खाली जातच नाही, बर्फाखालीच मधल्यामध्ये लोंबकळत राहते, मिळेल तेवढ्या उजेडावर. पण तुमच्या तळ्यात मुख्य ही, खसखशीवाली."

एवढी वर्षं मी त्या पाण्यावर बसून भाकरी खाल्ली, आणि माझ्या बुडाखाली कोण झोपलंय याचा मला पत्ता नव्हता. खोटं कशाला बोलू, त्या दिवसापासून हिवाळ्यातलं तळं मला रिकामं वाटेनासं झालं. बोट हाकताना वल्हं जरा हळूच टाकायचो. झोपलेल्या घरातून माणूस चवड्यावर चालतो ना, तसं.

"मग उठतात कधी? आणि कुठून?" मी विचारलं.

"तेच तर बघायला आलेय."

त्यासाठी तिने नरसाळी आणली. आपण कॅनमध्ये तेल ओततो तसलीच, पण टोपलीएवढी मोठी आणि उलटी. तोंड तळाकडे, नळी वर, आणि नळीवर बाटली पालथी बसवलेली. खाली विटा बांधल्या, वर खुणेचा लाल डबा तरंगत ठेवला. गाळातून जे उठेल ते नरसाळ्यातून वर वर जाऊन बाटलीत अडकणार. चार जागी लावली. एक तळ्याच्या मधोमध, जिथे सगळ्यात खोल. एक त्याच्या अलीकडे. एक माझ्या धक्क्याच्या खाडीत, जिथे छातीएवढं पाणी. चौथं कुठे लावायचं ते मीच सांगितलं.

"ओढ्याच्या तोंडाशी लावा. तिथे तर लावाच. बघा बाटली कशी भरते."

"तुमचं कुणी राहतं वाटतं तिकडे," बाई म्हणाली.

"मेहुणे."

"मग बरोबर," ती म्हणाली.

हिवाळा उतरला. बर्फाचा पापुद्रा गेला, आणि माझं तळ झाडायचं काम आलं.

हे काम माझ्या सासऱ्यापासूनचं. हंगामाआधी खाडीतले गवताचे कुजके खुंट काढायचे, नाहीतर ते वल्ह्यात अडकतात, पोरांच्या पायाला लागतात. सासरा धक्क्यावर उभा राहून लांब दांड्याच्या पंजाने हाताला येतील तेवढे ओढायचा. मी त्यात सुधारणा केली होती. सासऱ्याच्या खोलीतला जुना लोखंडी पलंग काढला, त्याच्या चौकटीला साखळ्या लटकवल्या आणि तो बोटीमागे बांधून सगळ्या खाडीत ओढायला लागलो. आडवा, मग उभा. दोन दिवसांत खाडी अशी लख्ख, की बघत राहावं. पाणी आठवडाभर गढूळ राहायचं, मग निवळायचं. हंगाम उघडायच्या पंधरा दिवस आधी, पाणी जरा कोमट झालं की आणखी एक हात फिरवायचो. मला त्याचा अभिमान होता. येणाऱ्या जाणाऱ्याला दाखवायचो.

त्या वर्षीही ओढला. बाई तेव्हा तिच्या गावी गेली होती. मी शहाणा माणूस, तिचं खाडीतलं नरसाळं आधी अलगद उचललं, पलंग फिरवला, पाणी निवळल्यावर नरसाळं होतं तिथे ठेवलं. दुसऱ्या वेळीही तसंच. दुसऱ्याच्या वस्तूला धक्का लागायला नको, एवढी मला अक्कल आहे. तिला सांगायचं काही कारणच वाटलं नाही. घरी झाडू मारला तर आपण पाहुण्यांना कळवतो का?

झाडांना पानं फुटली तेव्हा बाईने बाटल्या काढल्या. समितीची सभा चार दिवसांवर होती. त्या सभेत गोठ्याचा निकाल लागणार होता. गोठा बंद, असंच सगळे धरून चालले होते. बाईलाही सभेला बोलावलं होतं, काय सापडलं ते सांगायला.

तिने चारी बाटल्या बोटघराच्या टेबलावर उजेडात ओळीने मांडल्या. मधोमधची, जवळजवळ नितळ. अलीकडची, चार ठिपके. ओढ्याच्या तोंडाची, जरा हिरवट. आणि खाडीतली बाटली हिरवीगार, हलवली तर आत ढग फिरत होते.

"बाटल्या बदलल्या असतील," मी म्हणालो.

तिने खुणा दाखवल्या. बदलल्या नव्हत्या.

"गंमत बघा," ती म्हणाली, "हिवाळ्यात चारी ठिकाणी झोपलेले जवळपास सारखेच होते. खोल पाण्यातले उठत नाहीत, ते समजू शकतं, तिथे ना ऊब, ना उजेड. उथळ पाण्यातले उठतात. पण तेही वरच्या बोटभर गाळातले. खाली दबलेले दबूनच राहतात. ओढ्यापाशी तसंच झालंय. तुमच्या खाडीत मात्र खालचेही उठलेत, वीतभर खालचे. म्हणजे कुणीतरी त्यांना वर काढलंय. काय ढवळतं हो इथला तळ? बोटी तर अजून पाण्यात नाहीत."

मी चहा पीत होतो. माझ्या डोळ्यांपुढे तो पलंग साखळ्या खडखडवत चालला होता. आणि दुसरी गोष्ट तेव्हाच डोक्यात आली, जी इतकी वर्षं समोर असून दिसली नव्हती. पलंग मी पहिल्यांदा ओढला तो कुठल्या वर्षी? दाजींच्या गाई पन्नास झाल्या त्याच वर्षी.

"मासे असतील," मी म्हणालो. "मोठे मासे आहेत इथे. तळ उकरतात."

बाईने वही उघडली आणि लिहिलं. मी वरून वाचलं: खाडी, मासे, कप्तान म्हणतात.

आजवर माझं बोलणं कुणी असं लिहून घेतलं नव्हतं. लिहून घेतलं ते नेमकं खोटं.

घरी आलो आणि बायकोला सगळं सांगितलं. माझ्या पोटात काही राहत नाही, तिला माहीत आहे. ती शिवत होती, तिने मशीन थांबवलं नाही.

"म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी," ती म्हणाली.

"अगदी तसं नाही. गोठ्याचं पाणीही येतंच की."

"येतंच. पण तुम्ही पलंग ओढला."

"ओढला."

"सभेत सांगितलंत तर समिती काय म्हणेल? म्हणेल, हा माणूस तळं राखतो की नासतो. बोटघराला त्याच दिवशी कुलूप. हात दाखवून अवलक्षण." मशीन थांबलं. "आणि नाही सांगितलंत, तर ताईंच्या समोर मी कुठल्या तोंडाने जाऊ? त्या तुमच्याशी बोलत नाहीत, माझ्याशी बोलतात. तुम्हाला माहीत नाही, पण बोलतात."

हे मला नवीन होतं. दोन वर्षं माझ्याच घरात.

"मग काय करू?"

"मला विचारू नका. मी काय पलंग ओढला?"

दोन दिवस मी बोटींना रंग देत होतो. एकाच बोटीला दोनदा दिला. तिसऱ्या दिवशी सकाळी वरच्या अंगाला बोट घेऊन गेलो, खुणेचे डबे काढायला, तर गोठ्यापाशी ट्रक उभा. फळी टाकलेली आणि गाई एकामागून एक वर चढत होत्या. ताई फळीच्या बाजूला उभी होती. प्रत्येक गाय जाताना ती तिच्या मानेवर हात ठेवायची आणि काहीतरी बोलायची. पाण्यावरून आवाज लांब येतो, पण ती इतकं हळू बोलत होती की काही ऐकू आलं नाही.

मी बोट तिथेच ओढ्यात घातली आणि चिखलातून वर चढलो.

दाजी दुधाचे कॅन घासत होते. मला बघून त्यांनी घासणं सोडलं नाही.

"काय कप्तान, वाट चुकलात? पाणी तिकडे आहे."

"गाई कुठे चालल्या?"

"बारा चालल्या. सभेनंतर पळापळ करून कुणाच्याही गळ्यात बांधण्यापेक्षा आधीच बऱ्या घरी दिल्या. तुम्हाला काय त्याचं? तुमच्या तळ्यात मुतणाऱ्या बारा कमी झाल्या."

"दाजी, जरा ऐका."

"ऐकतोच की. दर सभेत ऐकतो."

मी सांगितलं. नरसाळी, बाटल्या, वीतभर खालचे, पलंग, साखळ्या. आणि मासे. सगळं एका दमात सांगितलं, नाहीतर मधेच पळालो असतो. दाजींचा हात थांबला.

"पलंग," ते म्हणाले. "कुणाचा?"

"सासऱ्याचा."

"म्हणजे म्हातारा मेल्यावरही त्याचा पलंग लोकांची झोपमोड करत फिरतोय."

त्यांना हसू फुटलं, मलाही फुटलं. पण माझं अर्ध्यावरच राहिलं, कारण मागून बादली आपटल्याचा आवाज आला. ताई केव्हा येऊन उभी राहिली होती कळलं नाही.

ती दाजींकडे बघून बोलली, माझ्याकडे नाही. "याला म्हणावं, दोन वर्षं लोकांनी आपल्या दुधाला नाकं मुरडली. याला म्हणावं, माझ्या नवऱ्याचं भर सभेत हसं केलं याने, परका नव्हे, मी हाताने वाढवलेला. कुऱ्हाडीचा दांडा गोताला काळ. आणि याला म्हणावं, ट्रक गेला."

खरंच ट्रक निघाला होता. दाजींचं हसू कुठल्या कुठे गेलं.

"सभेत सांगशील का हे?" त्यांनी विचारलं. दोन वर्षांत पहिल्यांदा 'अहो-जाहो' सोडून.

"सांगतो."

"मग आता जा."

आधी बाईकडे गेलो. तिला म्हटलं, वही काढा. मासे खोडा. तिने सगळं ऐकून घेतलं. रागावली नाही, पण त्या दिवशी नाकही आवळलं नाही. "हे आधी कळलं असतं तर मी खाडीत दोन नरसाळी लावली असती," ती म्हणाली, "एक झाडलेल्या भागात, एक न झाडलेल्या. आता मला पुढच्या वर्षी पुन्हा यायला लागेल." तिने 'मासे'वर रेघ मारली आणि शेजारी लिहिलं: पलंग. मग जरा थांबून विचारलं, "साखळ्या किती जाड?" मी बोट दाखवलं. तेही लिहिलं.

सभा दवाखान्यामागच्या मोठ्या खोलीत भरते. समितीचे अध्यक्ष आमचे मास्तर, शाळेतून निवृत्त झालेले, पण अजूनही हात वर केल्याशिवाय बोलू देत नाहीत. मी हात वर केला.

"कप्तान, गोठ्याबद्दल तुमचं म्हणणं आम्हाला तोंडपाठ आहे."

"गोठ्याबद्दल नाही मास्तर. माझ्याबद्दल आहे."

उभा राहून बोललो. पुढच्या खुर्चीची पाठ धरून ठेवली. साय थंडीत मरत नाही, तळाशी झोपते, आणि तिला उठवायचं काम चार वर्षं मी इमानेइतबारे केलं, असं सांगितलं. पलंगाचं निघालं तेव्हा मागून कुणीतरी म्हणालं, "उशी पण टाकायची होती!" आणि खोली हसली. त्या वेळेसारखीच हसली. या वेळी माझ्यावर. ते मला लागलं नाही असं नाही. पण ज्याचं त्याला मिळत होतं.

मास्तर गंभीर झाले. "म्हणजे गोठ्याचा काही दोष नाही?"

तेव्हा बाई उभी राहिली. "उठवणं एक, आणि उठल्यावर खायला मिळणं दुसरं. खाडीतून उठले, पण वाढले ते ओढ्यातून येणाऱ्यावर, आणि गाळातूनही सुटतं त्यावर. एकावर ढकलून चालणार नाही. आणि तळ नाही ढवळला तरी थोडे उठणारच. ते दरवर्षी उठतात. तळं आहे तोवर उठतील."

मास्तरांना सरळ उत्तर आवडतं, हे त्यांना आवडलं नाही. बराच काथ्याकूट झाला. शेवटी ठरलं ते असं: गोठा चालू राहील, पण धुणं ओढ्यात जाणार नाही, त्याला टाकी बांधायची. खाडीत यापुढे काही ओढायचं नाही, गवताचे खुंट हाताने काढायचे. बोटघराचं काय करायचं ते उन्हाळा बघून ठरवू. म्हणजे माझी मान होती तिथेच, सुरीखाली. फक्त आता ती एकटी माझी होती.

बाहेर पडताना दाजी माझ्या शेजारून गेले आणि म्हणाले, "टाकी खणायला माणूस लागेल." एवढंच. मी आठ दिवस खणलं. ताई रोज दोन वेळा चहा आणायची, पण हातात द्यायची नाही, कट्ट्यावर ठेवून जायची. आणि चहात साखर नसायची. तिला माहीत आहे मला किती लागते.

उन्हाळा आला. मी रोज सकाळी धक्क्यावर पालथा पडून पाण्यात बघायचो. एका सकाळी भुकटी दिसायला लागली. साय धरली, वासही सुटला, तळं बंद झालं. मी बोटघराच्या किल्ल्या खिशात घेऊन फिरायचो, मास्तरांनी मागितल्या तर हातात द्यायला. पण या वेळी थर पातळ होता, वारा सुटला की विरायचा. सोळाव्या दिवशी पाणी तपासणाऱ्याने बंदीची पाटी उतरवली. दोन महिन्यांचे सोळा दिवस. मी बाईला फोन करून ओरडलोच. ती म्हणाली, "एका उन्हाळ्यावरून काही सांगता येत नाही. हवाही या वर्षी थंड होती." असली बाई. पण मास्तरांनी किल्ल्या मागितल्या नाहीत. पुढच्या वर्षी बघू म्हणाले.

तळं उघडलं त्याच दिवशी दुपारी मी बोटी पुसत होतो. धक्क्याच्या फळ्या वाजल्या. वर बघितलं तर ताई. एकटी. साडीचा पदर खोचलेला, गोठ्यातून तशीच आलेली. माझ्याकडे न बघता तिने बोटीत पाय टाकला. एवढी वर्षं भाऊ बोटीवाला, पण ती कधी बोटीत बसली नव्हती. घट्ट धरून बसली आणि म्हणाली, "चल."

मी वल्ही उचलली. काठ सुटला तशी तिने सुरुवात केली. मी लहानपणी तिची पाटी फोडली होती तिथपासून. मग लग्नात मी दाजींच्या बुटात वाळू भरली ते. मग माझं तोंड कसं आईच्या पोटातूनच सैल आहे ते. मग ती सभा. मग दोन वर्षं दुकानात तिला साबणाच्या वड्या वाचत उभं राहायला लागलं ते, आणि त्यात तिला कसली लाज वाटायची ते. बारा गाईंची नावं घेऊन एकेक कुठे गेली ते. मी मान खाली घालून वल्हवत होतो. मधे एकदा "हो ताई" म्हणालो, तर म्हणाली, "मधे बोलू नकोस."

तळ्याच्या मध्यावर आलो, तिचं अजून मागच्या हिवाळ्यापर्यंतच आलं होतं. समोरचा काठ जवळ दिसायला लागला. मी वल्हं हलकेच टाकायला लागलो, नुसतं पाण्याला लावून उचलायचो.

"चालत का नाही ही बोट?" ताईने विचारलं.

"वारा समोरून आहे."

तिने पाण्याकडे बघितलं. पाणी काचेसारखं पडलं होतं, एक सुरकुती नव्हती. मग तिने पदर नीट केला, जरा ऐसपैस बसली आणि म्हणाली, "असू दे. तर मी काय सांगत होते..."